तबकडी चालू, मिक्सर बंद

आमच्या टेकडीवर तबकडी चालू असली की मिक्सर बंद. डहाणूच्या बाजारातून आणलेला सुका जवळा मी पाट्यावर वाटायची. मिक्सर होता, नवाकोरा होता, पण त्याच्या मोटरीने वरच्या लोकांचं बोलणं बिघडतं असं मॅडमचं म्हणणं.

वरचे लोक म्हणजे देव नव्हेत. मॅडम निवृत्त प्राध्यापक. रेडिओच्या दुर्बिणींवर त्यांचं आयुष्य गेलं. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळ कुणी शहाणं राहत असेल आणि त्याने हाक मारली असेल, तर ती आपल्याला ऐकू यावी, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून तलासरीहून आत डोंगरात जागा घेतली. माणसं मोबाईलची रेंज बघून घर घेतात, यांनी रेंज नाही हे बघून घेतलं आणि अंगणात झोपडीएवढी तबकडी उभी केली.

मी बुलढाण्याची. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवऱ्याचं हायवेवर पंक्चरचं दुकान, तो तिथेच झोपतो. मला मॅडमनी खोली दिली, पगार दिला, टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसून पेज भरवली. तबकडीला जोडलेल्या पडद्यावरच्या रेघा वाचायलाही त्यांनीच शिकवलं. हे सगळं मी विसरत नाही, आणि तिथेच माझी पंचाईत होते. जिच्या हातची पेज प्यायली तिच्यावर रागवायचं कसं? राग यायचा, पदराखाली झाकून ठेवायची. झाकलेला राग नासतो, एवढं मात्र खरं.

माझा बाप गेला तेव्हा भावाने फोन लावलेले. रेंज नाही. शेवटी पंक्चरच्या दुकानावर निरोप आला, नवरा वर येईपर्यंत तिकडे बापाला अग्नी देऊन झाला होता. मॅडमनी तिकिटाचे पैसे दिले, एसटीत बसवायला आल्या. म्हणाल्या, वाईट झालं. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. तेव्हापासून फोन हातात नसला की माझ्या छातीत धडधडतं, आणि असला तरी धडधडतं.

रेघांचं असं. तबकडी ताऱ्याकडे धरायची. पडद्यावर रेघ दिसली तर तबकडीचं तोंड दुसरीकडे फिरवायचं. रेघ गेली तर ती तिकडची असू शकते. तोंड फिरवूनही रेघ राहिली तर ती इथलीच, कुणाच्या तरी घरातली, जवळची. मॅडम म्हणायच्या, "जवळचं टाकून द्यायचं." रोज म्हणायच्या. मला रोज तो शब्द टोचायचा.

नागली कापून खळ्यावर आली होती त्या सुमारास एक जाड रेघ उमटली. तोंड फिरवलं, राहिली. कुठेही फिरवलं तरी राहिली. मॅडम चिडल्या. ज्या ताऱ्यासाठी वर्षभर थांबल्या तो आता मावळतीला लागलेला. त्यांनी मला माशाच्या काट्यासारखा, हातात धरायचा अँटेना दिला आणि पाड्यात पाठवलं. मी घराघरासमोर तो काटा फिरवत गेले. लोक हसले. एकाने विचारलं, विहिरीचं पाणी बघतेस का?

पाड्याच्या खालच्या टोकाला, सगळे जिला मावशी म्हणतात तिच्या घराशी काटा ओरडायला लागला. कोंबड्यांच्या खुराड्यामागे ताड होता, ताडाला उंच बांधलेली काठी, काठीवरून वायर खाली घरात, आणि चुलीच्या वर मडक्यांच्या फळीवर एक पेटी. रेंज ओढून आणायची पेटी. मावशीच्या भावाने डहाणूहून आणून दिलेली. मावशीचा फोन त्या पेटीला टेकून उभा, फोटोतल्या देवासारखा.

मावशीची लेक डोंगरापलीकडच्या पाड्यात दिलेली. जावई गुजरातच्या बोटीवर खलाशी, घरात डोळ्यांनी अधू सासू. मागच्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा पोरीने आईला फोन लावला आणि लावतच राहिली; तिकडे रेंज होती, इकडे तेव्हा पेटी नव्हती. खालच्या रस्त्यापर्यंत तिला उतरवणार कोण? माणसं पोहोचली तेव्हा मूल गेलेलं होतं. आता पुन्हा दिवस भरले होते.

मी तबकडीचं सांगितलं. मावशी सुपातली नागली पाखडतच राहिली.

"तुझ्या बाईच्या वरच्या माणसांना सांग बाय, जरा दम धरा. आमची पोर मोकळी झाली की बोला म्हणावं, रात्रंदिवस बोला."

हे मी वर येऊन सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. असली पेटी कायद्यात बसत नाही म्हणाल्या. तक्रार केली तर माणसं येतील, दंड करतील, त्यापेक्षा तूच गोडीगुलाबीने काढून आण. आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

"मॅडम, आठवडाभरातच ती बाळंत होणार आहे."

"आणि तारा वर्षभर दिसणार नाही."

खोली त्यांची, पगार त्यांचा. पण दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेले, तिच्याबरोबर नागली झोडली आणि रिकाम्या हाताने परत आले. संध्याकाळी सांगितलं, नाही काढली, काढणारही नाही. नवऱ्याला काय सांगू, सामान कुठे नेऊ, सगळं डोक्यात फिरत होतं. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र घेत होत्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी पडद्यासमोरून हाक मारली.

"ये, बघ तुझ्या मावशीचा पराक्रम."

रेघ रुंद होत होती. फुगायची, बसायची, पुन्हा फुगायची. एरवी ती नुसती सरळ असायची. मला एकदम कळलं, पेटीतून फोन येतोय. आणि मावशी आज तलासरीच्या बाजारात, हे मला सकाळपासून माहीत होतं.

मी अनवाणी धावले. घराला कडी नुसती अडकवलेली. फळीवर फोन वाजून वाजून सरकत पेटीच्या कडेला आला होता. उचलला. पोर म्हणाली, "आई, पाणी गेलं."

मावशीच्या भावाची जीप भाड्यावर गेलेली. पाड्यातली चार माणसं गोळा केली आणि वर येऊन मॅडमकडे गाडी मागितली. विनवणी केली नाही, मागितली. मॅडमनी एकदा पडद्याकडे पाहिलं, किल्ली उचलली आणि स्वतः चालवायला बसल्या. डोंगराला वळसा घालून गेलो, माणसांनी पोरीला झोळीतून खाली आणलं, कासाच्या दवाखान्यात पोहोचलो. मुलगी झाली. रडली, मोठ्याने रडली. मावशी बाजाराच्या पिशवीसकट धावत आली आणि मॅडमच्या पायांशी वाकली. मॅडमनी तिला धरून उठवलं. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

परत आलो. पडवीत पाय धुता धुता मॅडम म्हणाल्या, "चला, सुटली. आता ती पेटी काढायला हरकत नाही ना?"

सगळं झाकलेलं तेव्हा बाहेर आलं.

"पाड्यात आणखी दोघी पोटुशी आहेत मॅडम. त्यांचं काय करू? माझ्या बापाचं काय केलंत? वाईट झालं म्हणालात. जवळचं टाकून द्यायचं म्हणता, आज ते टाकलं असतं तर ती पोर कुठे असती?"

त्या ओले पाय तसेच घेऊन उभ्या राहिल्या.

"मग मिक्सरही लाव," असं म्हणून आत गेल्या.

ते रागाने म्हटलेलं होतं. मला कळत होतं. पण मी जवळा भाजला, लसूण सोलला, खोबरं घेतलं आणि मिक्सर लावला. अंगणात तबकडी चालू होती, पलीकडच्या खोलीत मॅडम पडद्यासमोर होत्या. त्या उठून येतील, खोली सोड म्हणतील, याची मी वाट बघत होते. दरवाजा हलला नाही. चटणी केव्हाच बारीक झाली होती. तरी मी बटणावरचा हात काढला नाही.