भेटायला आलेला साहेब

हॉलच्या भिंतीवर मला टांगलं होतं. दाराएवढं मोठं. केस मोकळे, डोळे भरलेले. खाली पाटी: ‘रानकन्या’.

आणि मी स्वतः दारात उभी होते, हातात आरतीचं ताट घेऊन. आमच्या फॅक्टरीच्या साहेबांनी गावोगाव हिंडून काढलेल्या फोटोंचं सिल्वासात प्रदर्शन होतं. पाहुण्यांना ओवाळायला आम्हा पॅकिंगच्या बायकांना सुट्टीच्या दिवशी बसमधून आणलं होतं. साहेब मुंबईच्या पाहुण्यांना सांगत होते, “हे चेहरे बघा. यांना अजून जगाचा वारा लागलेला नाही.”

जगाचा वारा! खडोलीच्या शेडमध्ये इतकी वर्षं मी यांच्याच मशीनची धूळ खाते. साहेब रोज राउंडला येतात, माझ्या पाठीमागून जातात. तिथे माझ्या डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. चेहरा बघायची त्यांना गरजच काय?

फोटो कधीचा, ते मला बघताक्षणी कळलं. बाप गेला त्या आठवड्यातला. आम्ही सुरंगी गावचे. आमच्यात दिवसकार्य होईपर्यंत डोक्याला तेल नाही, फणी नाही. रविवारी दारात गाडी थांबली आणि साहेब उतरले. मला वाटलं, भेटायला आले. कामावरच्या बाईचा बाप गेला म्हणून एवढा मोठा माणूस वाट वाकडी करून आला! आई म्हणाली, “गोधडी टाक गं पोरी. पानी दे पाहुन्याला.”

भेटायला आलेल्या माणसासमोर बाईला रडू फुटतंच. मीही रडले. कंपनीतून दुसरं कुणी आलं नव्हतं, म्हणून जास्तच रडले. म्हटलं, “साहेब, बाबा गेला.”

साहेबांनी डोळ्याला कॅमेरा लावला. “हां. अशीच थांब. डोळे पुसू नकोस.”

पाणी न पिताच गेले. आणि मी वेडी वाडीभर सांगत सुटले, आमचे साहेब भेटायला आले होते.

हॉलमध्ये मी ताट खुर्चीवर ठेवलं आणि पुढे गेले. “साहेब, ही मी आहे. तुमच्या पॅकिंगमधली.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हसले. लाज नाही, आनंद झाला त्यांना. “अरे वा! काय योगायोग! ये, फोटोशेजारी उभी राहा. आणि तो अंबाडा सोड ना जरा. केस तसेच पाहिजेत.”

पाहुण्यांनी मोबाईल वर केले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारच्या मशीनवरची धुळ्याची ताई मागून कुजबुजली, “जाऊ दे ना वं बहीण. साहेब शे तो. नोकरी जाई.”

नोकरी जाईल, हे मला कळत नव्हतं का? घरात कमावणारी आता मी एकटी. तरी अंबाड्याकडे हात गेला नाही.

“ते केस बाप मेला म्हणून मोकळे होते,” मी म्हटलं. “दारात तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंच नाही.”

साहेब दात आवळून म्हणाले, “हे बोलायची ही जागा आहे का?”

“माझ्या बापाचं सुतक टांगायची आहे का?”

मी फ्रेमला हात घातला. एकटीला पेलेना. दुसरी बाजू धुळ्याच्या ताईने येऊन धरली. दोघींनी ती उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

सोमवारी मला पॅकिंगमधून उचलून भंगाराच्या शेडमध्ये घातलं. ताईलाही. माफी मागितली तर परत घेऊ, असा निरोप आला. मागितली नाही. मागणारही नाही. तो फोटो पुन्हा कुठे लागला, तर तिथे जाऊन उतरवीन.

सुरंगीत अजून गाड्या येतात, माणसं गळ्यात कॅमेरे घालून उतरतात. आता मी आडवी जाते. आधी बसा. पाणी प्या. घरात कोण आहे, कोण गेलं, ते विचारा. मग फोटोचं बोला. आणि आम्ही नाही म्हटलं, की गाडी वळवायची.