चांगली बाजू

डहाणूच्या बाजारात एका गुजराती गृहस्थांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते कॅमेरा घेऊन आमच्या उपचार केंद्रात, जखमी समुद्री कासवांच्या टाक्यांवर येतात. मी तिथे टाक्या धुते, मासे कापते. कासवांनाही ते गिऱ्हाइकासारखंच बजावतात, "बेन, हनुवटी जरा वर!"

जाळ्यात अडकून एका कासवीचा पुढचा डावा पाय गेला होता. तिचे सगळे फोटो त्यांनी उजवीकडूनच काढले. मी वैतागले. "अहो, डॉक्टरांना जखम बघायचीय, स्थळ नाही."

"ताई, प्रत्येकाची एक चांगली बाजू असते."

परवा तिला किनाऱ्यावर सोडलं. पाण्यात शिरताच ती जागच्या जागी गोल फिरू लागली. डॉक्टर पुटपुटले, "सरळ पोहली नाही, तर परत टाकीत न्यायची." लाटांचे तडाखे खाता खाता तिने अंग डावीकडे, थोट्या पायावर कलतं केलं आणि सरळ खोल पाण्याकडे निघाली.

हे गृहस्थ बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात, तिच्या डाव्या अंगाला.

"अहो, ती बाजू नाही तुमची!" मी ओरडले.

त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. "ताई, आज हीच चांगली आहे."