कोरडी पट्टी

मी मुळातच भित्री. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी. त्यामुळे एका रविवारी पिंपळगावहून नाशिकला परतताना ओझरच्या अलीकडे गाडीत जळकट वास आला, तेव्हा मला गाडी पेटणारच असं वाटलं. मागे सहा वर्षांची लेक झोपली होती. गाडी कडेला घेतली, तिला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं आणि वीसेक पावलं लांब, द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे तिला घट्ट धरून उभी राहिले. धूर कुठेच नव्हता. वास मात्र होता, जाडसर, घशाला चिकटणारा. पेटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ मी मोबाईलवर नको तेवढे पाहिलेत. लेक कंटाळून म्हणाली, भूक लागली. तेव्हा कुठे परत गाडीत बसले आणि काचा उघड्या ठेवून जीव मुठीत धरून घरी पोचले.

नुकतंच सर्व्हिसिंग झालं होतं. नवरा म्हणाला, नवं ऑईल घातलं की येतो थोडा वास, जाईल. आणि शुक्रवारपर्यंत वास खरंच गेला. रविवारी आम्ही मायलेकी नेहमीसारख्या पिंपळगावला गेलो. माझे वडील, आप्पा, तिथे एकटेच राहतात. दर रविवारी ते नातीला मोटारसायकलवर पुढे बसवून हायवेपलीकडच्या द्राक्षबागेत नेतात. ती आठवडाभर त्याचीच वाट बघते. त्या दिवशीही ते दोघं जाऊन आले, जेवणं झाली, आम्ही निघालो. ओझर यायच्या आत वास परत आला, आधीपेक्षा दुप्पट.

सोमवारी सकाळीच नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या मेकॅनिककडे गेले आणि त्याच्यावर तोंडसुख घेतलं. लहान मूल बसतं गाडीत, काय काम केलंत, वगैरे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडलं. इंजिनच्या वरच्या अंगाला ऑईल पसरलेलं होतं. तिथून ओघळ खाली सायलेन्सरच्या पाईपवर गेला होता आणि त्या तापलेल्या पाईपवर ते जळत होतं. त्याने सगळं पुसून काढलं, जोडांवर चक्क तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली आणि मला चक्कर मारून यायला सांगितलं. परत आले तर पावडर पांढरी ती पांढरीच.

"ताई, हे गळलेलं नाही," तो म्हणाला. "हे वरून सांडलेलं आहे."

मग त्याने ऑईल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं. कुणी घातलं, त्याने विचारलं. उत्तर मला लगेच सुचलं आणि मी त्याला सगळं सांगितलं.

माझ्या माहेरी रीत आहे. अंगणातून कुठलंही वाहन ऑईल बघितल्याशिवाय निघत नाही. आमचा जुना ट्रॅक्टर ऑईल प्यायचा, तेव्हापासूनची ही सवय. माहेरवाशिणीची ओटी भरावी तसे आप्पा निघताना माझ्या गाडीचं बॉनेट उघडतात, पट्टी उन्हात धरून बघतात आणि कमी वाटलं तर कॅनमधून भर घालतात. मी तोवर डब्यांच्या पिशव्या लावत असते. त्यांनी घातलं याचा अर्थ मला जाचून सोडणाऱ्या त्या वासाचं मूळ त्यांची माया होती. मला हसूच आलं.

मेकॅनिक हसला नाही. जास्तीचं ऑईल काढून टाकताना तो म्हणाला की नवं ऑईल मधासारखं असतं, पट्टीवर पटकन दिसत नाही, ट्रॅक्टरचं काळं ऑईल बघायची सवय असलेला माणूस फसतो. पण दोनदा फसला, आणि इंजिनात ऑईल घालायचं तोंड एवढं मोठं असून ओतताना बाहेर सांडलं? पुढचं त्याने मलाच विचार करायला ठेवलं. मी घरी आले आणि मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

रविवारी लेकीला घेऊन बसनेच जावं असं मनात आलं होतं. पण मला खात्री करायची होती, म्हणून गाडीच नेली. निघायच्या वेळी नाही, पोचल्यापोचल्या, मोटारसायकल बाहेर निघायच्या आधी, मी आप्पांना म्हटलं, जरा ऑईल बघता का. ते खुशीत आले. पट्टी पुसली, परत घातली, काढली, उन्हात धरली.

"कोरडी हाय," ते म्हणाले. "लय पिती गं तुझी गाडी."

पट्टीच्या टोकावरून ऑईलचा थेंब त्यांच्या अंगठ्यावर ओघळत होता. मला तो दोन हातांवरून दिसत होता.

इतकी भीती मला हायवेवरही वाटली नव्हती. लेक टाकीवर पुढे बसलेली, पिंपळगावचे कांद्याचे टेम्पो, आणि हँडल धरलेला हा माणूस. किती रविवार? मी पट्टी त्यांच्या हातून काढून घेतली आणि त्यांचा अंगठा त्यांच्याच बोटांवर घासला. त्यांना कळलं. ते बोटं चोळत राहिले. कधीपासून, मी विचारलं. द्राक्षांच्या घडातले जादा मणी काढून विरळायला लागलो तेव्हापासून, म्हणाले, मणी एकात एक दिसतात. इतके महिने सांगितलं का नाही, म्हणून मी चिडले, रडलेही.

"सांगितलं असतं तर पोरीला पाठवली असतीस का माझ्यासंग?"

नसती पाठवली. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि माझा हात शोधून त्यात ठेवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं त्यांनी कबूल केलं.

परतताना गाडीला कसलाच वास नव्हता, तरी ओझरपर्यंत मी काचा उघड्याच ठेवल्या. लेक रुसली होती. पुढच्या रविवारी बागेत कसं जायचं, तिने विचारलं. चालत, मी म्हटलं.

"मग हायवे ओलांडताना आजोबांचा हात मी धरू?"

मी गाडी हळू केली. दोघांचेही हात मी धरणार आहे, असं तिला सांगितलं.