शर्यतीची प्लेट

"छत्री कॅमेऱ्यावर धर. स्वतःवर कशाला धरतेस? तू भिजलीस तर वाळशील. हा भिजला तर?"

फोटो स्टुडिओचे मालक सगळ्यांदेखत बोलले. मांडवातली माणसं हसली. मी कधीच उलट बोलत नसे. छत्री पुढे सरकवली. पाणी मानेवरून पाठीत उतरत राहिलं.

ठाण्यातल्या त्या स्टुडिओत मला फोटोला बसणाऱ्या बायकांचे पदर नीट करायला ठेवलं होतं. हळूहळू, कॅमेऱ्यात फोटो ज्यांवर उमटतो त्या काचेच्या प्लेटा धुणंही माझ्याकडे आलं. अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम मी बघून बघून शिकले.

त्या दिवशी झेंडावंदनानंतर धावण्याची शर्यत होती. पाऊस असा, की शेवटच्या रेषेवर दोर धरलेली दोन माणसं एकमेकांना दिसत नव्हती. पहिल्या येणाऱ्याला कप आणि गिरणीत कायमची नोकरी. म्हणून माझा भाऊ धावत होता. आम्ही बाळकुम गावची, मिठागरात राबणारी. पावसाळ्यात मिठागर बंद, चूल कशीबशी पेटायची. भाऊ उघडाच धावला. काळा, वर चिखल. त्याच्या बरोबरीने समारंभाच्या अध्यक्षांचा पुतण्या, पांढऱ्या बनियनमध्ये. दोघं दोरापाशी आले आणि मालकांनी फोटो घेतला.

पंच म्हणाले, नीट दिसलं नाही. मला दिसलं होतं. भाऊ हातभर पुढे होता.

अध्यक्ष म्हणाले, "फोटोवर ठरवू."

दुपारी ते स्टुडिओत आले. मी नुकतीच प्लेट धुतली होती. मालकांनी ती ओलीच खिडकीशी धरली. दोन धूसर आकृत्या. चेहरे कळत नव्हते. एक पांढरी, एक काळी. पांढरी पुढे.

"हा बघा आमचा!" अध्यक्ष म्हणाले. "पांढरं बनियन. चांगला हातभर पुढे."

प्लेटवर काळं ते पांढरं दिसतं, पांढरं ते काळं. कागदावर छापल्यावरच खरं कळतं. पुढची पांढरी आकृती माझा भाऊ होता. मालकांना हे माहीत नव्हतं? जन्म प्लेटांत गेलेल्या माणसाला? ते माझ्याकडे बघत नव्हते. फक्त म्हणाले, "मग छापायची गरज नाही ना?" असं का विचारलं?

माझ्या तोंडून निघालं, "मालक, प्लेटवर उलटं..."

"चौथी शिकलीस ना? मग चौथीपुरतंच बोल."

दोघं हसले. जाता जाता मालक म्हणाले, "ती प्लेट गरम पाण्याने खरवडून टाक. काच फ्रेमला होईल."

तिथे माझा संशय पक्का झाला. निकाल खरा असेल, तर पुरावा खरवडायचा कशाला?

मी दुसरीच खराब प्लेट खरवडून ठेवली. ही वाळवली. छापली. कागदावर भावाची काळी छाती दोराला लागलेली. पुतण्या मागे.

कागद घेऊन अध्यक्षांच्या ओटीवर गेले. "साहेब, काच उलटं दाखवते. हा कागद बघा."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागद चार घड्या करून खिशात घातला. "निकाल लागला आता. जा."

संध्याकाळी भाऊ म्हणाला, "बाय, मीच पुढं व्हतो ना?"

"होतास."

पाऊस सरल्यावर तो मिठागरात गेला. गिरणीतली नोकरी शेवटी कुणाला दिली, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी स्टुडिओत गेले नाही. मालकांचा दोनदा निरोप आला. परत ये, पगार वाढवतो. दुसऱ्या निरोपाला शेपूट होतं : येताना ती प्लेट आण. म्हणजे कागदाचं त्यांना कळलं होतं. एवढं गोड बोलणं मला नव्हे, काचेला होतं.

प्लेट जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आहे. देणार नाही. पुन्हा कुणाच्या कॅमेऱ्यावर छत्री धरणार नाही. आणि यापुढे कुणी मला चौथीपुरतं बोल म्हणालं, तर ही काच त्याच्या हातात देईन, उजेडाकडे धरायला लावीन. पुढे कोण आहे, हे त्यालाच विचारीन. उत्तर येईपर्यंत त्याच्या दारातून हलणार नाही.