बेगम बाजारातल्या निळ्या बांगड्या

आजारी माणसाने कसं दिसावं, याबद्दल आमच्या अंबरपेठच्या गल्लीत लोकांची मतं अगदी पक्की आहेत. केस विस्कटलेले, साडी चुरगळलेली, चेहरा उतरलेला आणि कान भुंडे. यातलं एकही मी पाळलं नाही. मला घशाचा टीबी झाला होता, अंगावरचं मांस झरझर उतरलं होतं, गच्चीवरच्या खोलीत एकटीला ठेवलं होतं, तरी रोज सकाळी गोळ्या गिळायच्या आधी मी कानात झुमके घालत होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. थुंकीची तपासणी साफ येईपर्यंत वेगळं राहायचं, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घशाला आणखीच त्रास होतो. पहिली अट मी मान हलवून मान्य केली. दुसरी ऐकून माझा नवरा खाली बघून हसला, ते मी पाहिलं. घरी गेल्यावर त्याला दोन शब्द सुनवायचे होते, पण तेवढीही सोय उरली नव्हती.

नटण्याची हौस मला पहिल्यापासून आहे आणि तिची मला कधी लाज वाटली नाही. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात मी नोकरीला आहे. तिथे साहेब बदलतात, टेबलं बदलतात, पण आज हिच्या कानात काय आहे हे बघायला शेजारच्या सेक्शनच्या बायका येतात. तेव्हा टीबीचे जंतू आले म्हणून झुमक्यांनी पेटीत का बसावं? मी जुन्या ब्लाउजपीसचे मास्क शिवले, साडीला जुळतील असे. चष्म्याला मण्यांची साखळी लावली. लाडबाजारातून वेळोवेळी घेतलेल्या लाखेच्या बांगड्या घातल्या, तर त्या मनगटावरून सरळ कोपरापर्यंत घसरल्या. त्या दिवशी मात्र मी रडले. मग सगळ्यात आतल्या डब्यातून लग्नातल्या मापाच्या काढल्या. त्या बसल्या. माझं मनगट नवरीच्या मापाचं झालंय, असं मी मोबाइलवर नवऱ्याला लिहून पाठवलं. त्याने उलट अंगठा पाठवला. त्याचं प्रेम असंच असतं.

वाचायला पुस्तकं तोच आणायचा. मराठी वाचनालय आमच्यापासून लांब, आणि त्याचं स्वतःचं मराठी वाचन म्हणजे दुकानाच्या पाटीपुरतं. त्यामुळे तो पुस्तक जाडीवर निवडायचा. जितकं जाड तितके दिवस पुरेल, हा हिशेब. त्याच्या कृपेने मी एक पाचशे पानी रहस्यकथा वाचली, द्राक्षबागेच्या निगेवर एक ग्रंथ वाचला, कोणा निवृत्त फौजदाराचं आत्मचरित्र वाचलं आणि लोणच्यांवरचं एक पुस्तक तर दोनदा वाचलं, कारण तेव्हा माझ्या जिभेला चवच नव्हती. पुस्तकाप्रमाणे मी कानातले बदलायची. रहस्यकथेला काळे खडे, फौजदाराला चांदीचे गोल, द्राक्षांना हिरवे मणी. आता सांगताना हसू येतं, पण त्या खोलीत दिवस दिवसासारखे दिसत नव्हते. आज फौजदार आहे की द्राक्षं, एवढा तरी फरक मला हवा होता.

आमच्या बुद्धविहाराची व्यवस्था बघणाऱ्या मावशी एकदा गल्लीत उभ्या राहून वर ओरडल्या, "काय गं बाई, बीमारीत हे सगळं कायकू?"

बोलायला बंदी होती. मी गच्चीच्या कठड्यापाशी आले आणि दोन्ही बाजूंना मान हलवून त्यांना दोन्ही झुमके नीट दाखवले.

पण त्या नुसतं बघायला आल्या नव्हत्या. वर्षावास तोंडावर आला होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदनेनंतर धम्माचा ग्रंथ वाचतात. ही रीत माझ्या वडिलांनी सुरू केली. ते नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले, आणि विहार म्हणजे पत्र्याची एक खोली होती तेव्हापासून वाचत राहिले. शाळा त्यांना कष्टाने मिळाली होती, म्हणून वाचायला बसताना ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालत. त्यांच्यानंतर मी. पांढरी साडी, ठसठशीत कानातले आणि खणखणीत आवाज. मी वाचायला लागले की गल्लीतली पोरं गप्प होत. हे मी म्हणत नाही, मावशीच म्हणतात. आता आमच्याकडे मराठी बोलणारी घरं खूप आहेत, पण पोरं इंग्रजी शाळेत, दुसरी भाषा तेलुगू. अस्खलित वाचणारं माणूस शोधून सापडत नाही.

"यंदा मोबाइलवर रेकॉर्डिंग लावतो," मावशी खालून म्हणाल्या. "तू आराम कर. उगं परेशान होऊ नको."

त्या गेल्या आणि मी खाटेवर बसून राहिले. टीबी झाला म्हणून कळलं तेव्हा मला भीती वाटली होती. हे ऐकून मात्र राग आला, आणि रागाच्या खाली फार मोठं दुःख होतं. वडिलांच्या जागेवर एक मोबाइल उभा करून ठेवणार आणि त्याच्या मधेमधे जाहिराती वाजणार. मी लगेच मावशींना निरोप टाकला. रेकॉर्डिंग नको, माझी मुलगी वाचेल.

मुलीला हे मावशींकडून कळलं.

ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, घरूनच काम करते. त्या दिवशी कानातला हेडफोन न काढताच ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "आई, तू मला विचारलं पण नाहीस! मला मराठी अक्षरं येतात, वाचायला नाही येत. लोकांसमोर माझी इज्जत काढतेस का?"

मी वरून हात जोडले. मी सहसा कोणाला हात जोडत नाही, हे तिला ठाऊक आहे. ती पाय आपटत गेली आणि थोड्या वेळाने ग्रंथ घेऊन परत आली.

असं आमचं दुपारचं वाचन सुरू झालं. ती लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर, मी वर दाराशी खुर्ची टाकून. संध्याकाळी विहारात जेवढं वाचायचं तेवढं दुपारी माझ्यासमोर. ती चुकली की मी मोबाइलवर लिहायची, पण तिचे डोळे ग्रंथात. माझं लिहून होईपर्यंत ती दोन परिच्छेद पुढे. मग मी लाखेच्या बांगड्या जिन्याच्या कठड्यावर आपटून पाहिल्या. लाखेला कसला आवाज! एक खडा तेवढा निखळून खाली पडला. मग स्टीलच्या ताटावर चमचा वाजवला, तर नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "भूक लागली का? भात होतोच आहे."

शेवटी मी त्याला लिहिलं, काचेच्या बांगड्या आणा. तसाही तो चहा आणि मसाल्यासाठी बेगम बाजारात निघालाच होता. संध्याकाळी आला तो बुटांच्या खोक्याएवढा डबा घेऊन.

"सगळा घाऊक माल, एक डझन देत नाहीत तिथं," तो जिन्यातूनच म्हणाला. "पूरा डब्बाच घ्यावा लागतो. मी निळ्या घेतल्या. वर्षावास आहे ना, आपला रंग."

निळ्याशार, एकाच मापाच्या, माझ्या हाताला सैल, पण सगळं आयुष्य पुरतील एवढ्या. मी दोन्ही हात भरून घातल्या आणि हलवून बघितल्या. इतक्या दिवसांत त्या खोलीतून पहिल्यांदा माझा आवाज निघाला असं मला वाटलं. डबा दाराशी ठेवून नवरा जिना उतरायला लागला होता, तेव्हा मी पाठीमागून मुद्दाम आणखी जोरात वाजवल्या. तो न वळताच म्हणाला, "झालं, मिळालं तोंड परत."

नियम सोपा ठेवला. बांगड्या वाजल्या की तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. शाबासकीसाठी काही खूण ठेवली नव्हती. मी गप्प राहिले की समजायचं, बरं चाललंय. माझ्या वडिलांचीही शाबासकी तेवढीच असे.

सुरुवातीला बांगड्या सारख्या वाजायच्या. ती वाक्य मधेच तोडायची, पूर्णविराम ओलांडून पळायची, श्वास संपला की थांबायची. एकदा तर बिचारीने एकच परिच्छेद तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आणून तिने वर बघितलं. "आता काय चुकलं गं?" काहीच चुकलं नव्हतं. मी डास हाकलत होते. तिला ते सांगावं की नाही, याचा मी जरा विचार केला. मग मोबाइलवर लिहून सांगितलं. ती ग्रंथ मांडीवर ठेवून इतकी हसली की तिच्या मीटिंगमधल्या लोकांनाही ऐकू गेलं असेल.

हळूहळू माझे हात मांडीवर स्वस्थ राहायला लागले. काही दिवस तर बांगड्या एकदाही वाजल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते थोडं खटकलंसुद्धा. तिचा आवाज जिन्यावरून वर यायचा, स्वच्छ आणि थोडा जाड, माझ्या वडिलांचा होता तसा. हे मी आधी कधी ऐकलंच नव्हतं, कारण घरात बोलायचं काम नेहमी माझ्याकडे असे. गप्प बसायला लागलं नसतं तर कदाचित ते ऐकायचंच राहून गेलं असतं. मनगट भरत चाललं होतं. निळ्या बांगड्या आता कोपरापर्यंत जात नव्हत्या, हाताच्या मध्यावर अडत होत्या.

संध्याकाळी विहारात ती कशी वाचते, हे मात्र मला कळायचं नाही. लिहून विचारलं की म्हणायची, "होतंय. ठीक होतंय." मावशींना विचारलं तर त्या लिहायच्या, "ये, मग बघ."

थुंकीची तपासणी साफ आली ती अश्विनी पौर्णिमेच्या अलीकडे. डॉक्टरीणबाईंनी विहारात जायला परवानगी दिली, पण आवाज चढवायचा नाही, घसा अजून कच्चा आहे म्हणाल्या. पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसले, पांढरा मास्क लावला, सगळ्यात मोठे झुमके घातले आणि दोन्ही हात भरून निळ्या बांगड्या. मुलगी माझी साडी नेसली होती. कानांत काही नव्हतं. मी तिच्या मागे धावत जाऊन चांदीचे गोल तिच्या हातात कोंबले. "आई, नक्को ना," म्हणत तिने ते घातले.

मी सगळ्यात मागे, खिडकीपाशी बसले. वंदना झाली. ती वाचायला बसली आणि पहिला परिच्छेद असा वाचला की माझी मान आपोआप ताठ झाली. मग तिने ग्रंथात बोट ठेवलं, वर बघितलं आणि आमच्या घरातल्या बोलीत सांगायला लागली, "मतलब असं आहे, बघा..."

माझा हात उचलला गेला. माझ्या वडिलांनी कधी मधे थांबून अर्थ सांगितला नव्हता, मीही नाही. ग्रंथ जसा आहे तसा वाचायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही. पण पुढच्या रांगेतल्या एका पोराने तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. एका सुनेने तेलुगूत शंका काढली, तिने तेलुगूत सांगितलं, मग पुन्हा ग्रंथावर आली आणि पुढचं वाक्य न अडखळता वाचलं. मी वाचायची तेव्हा पोरं गप्प होत, ते मी इतकी वर्षं मिरवलं होतं. ही वाचत होती आणि पोरं बोलत होती.

मावशी माझ्याकडे झुकल्या. "तुझं ऐकायला लई छान वाटायचं गं. हिचं समजतंय."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी महिनाभर त्या बाईशी बोलले नसते. थोडं लागलंच. पण लागलं त्याच जागी अभिमानही दाटून आला. मी डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या गच्च धरल्या आणि शेवटपर्यंत तशाच धरून ठेवल्या. ती एकदा वाक्य तोडून पुढे गेली, तेव्हाही. तिचं तिलाच कळलं. तिने मागे येऊन ते नीट वाचलं.

शेवटचा परिच्छेद संपला. वाचन संपल्यावर म्हणतात तसं सगळे एका आवाजात म्हणाले, "साधू, साधू, साधू." मला आवाज चढवायची बंदी होती. गप्प बसणंही मला जमेना. मी दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले आणि होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बांगड्या जोरजोरात वाजवल्या.

मुलगी दचकली. तिने माझ्याकडे बघितलं, चेहरा पडला, घाईने पान मागे उलटलं आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. नवरा पुरुषांच्या रांगेतून हातवारे करत होता की थांबव तिला, थांबव. मावशी खो खो हसत होत्या.

मी थांबवलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि तो सबंध परिच्छेद पुन्हा ऐकला.