माझ्या जागी आलेला हुसेन

ज्या माणसाला अल्लाहने माझ्यासाठी धाडलं, तो येऊ नये म्हणून मी तीन महिने दुआ मागत होतो. हे आधीच कबूल करतो.

दम्मामच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात मी बावीस वर्षं काढली. जुन्या जहाजांच्या वाफेच्या पाइपांवरचं पांढरं आवरण फोडायचं आणि नवं चढवायचं, हे आमचं काम. शेवटी मी त्या टोळीचा फोरमन झालो. मग सौदीकरण आलं. माझी खुर्ची कतीफच्या हुसेन नावाच्या तिशीतल्या सौदीला मिळाली, आणि जाण्यापूर्वी त्याला काम शिकवायचंही मीच! पाचही नमाजांत मी अल्लाहशी भांडत होतो.

दुपारी डेकचं पोलाद इतकं तापायचं की गुडघा टेकवत नसे. म्हणून जोहरच्या नमाजीला आम्ही आगीपासून बचावाचं जाड पांढरं कापड अंथरायचो. सजद्यातून उठलं की कपाळावर, दाढीत पांढरी भुकटी असायची. "बघ, तोंडावर नूर चढलाय," असं माझा दापोलीचा दोस्त बशीर म्हणायचा आणि आम्ही हसायचो. आज ते आठवलं की अंगाची लाही होते. कापडात काय आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला सोडून. बशीर खोकतच गावी परतला. यार्डाने दिलेल्या कागदावर घातक वस्तूंशी संबंध 'नाही' असं छापलेलं, म्हणून डॉक्टरांनी त्याला टीबीची औषधं दिली. आठ महिन्यांत तो गेला.

हुसेन आला त्याच आठवड्यात, आम्ही नमाजीला उभे राहत असताना, त्याने ते कापड पायाखालून ओढलं. तो शिया, आमच्यात नमाज पढत नसे. मला वाटलं, हा आमच्या नमाजीचा अपमान करतोय. मी त्याची गचांडी धरली. तो मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "या हाजी, ये एस्बेस्टोस. मेरा बाबा इसमें काम किया. आखिर में साँस नहीं, खलास." मग गोदामातून प्लायवूड आणून त्याने स्वतः आमच्यासाठी अंथरलं. बावीस वर्षांत त्या वस्तूचं नाव मला पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं.

निघायच्या दिवशी मॅनेजरने तोच छापील कागद माझ्यापुढे सरकवला. हा मॅनेजर आपल्याच देशाचा. मी एस्बेस्टोसचं नाव काढताच म्हणाला, "अरे, त्याच्यावर बंदी आहे. बंदी असलेली वस्तू आपल्या यार्डात असेलच कशी?" मला दोन पायऱ्या चढताना धाप लागत होती आणि हा माणूस चहात बिस्किट बुडवत मला कायदा शिकवत होता. सही केल्याशिवाय एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, नव्हती. 'या अल्लाह, आता तूच बघ,' म्हणत मी पेन उचललं.

पण खाली फोरमनचीही सही लागते, म्हणून हुसेनला बोलावलं होतं. त्याने कागद ओढून घेतला, 'नाही' खोडलं आणि अरबीत, इंग्रजीत सगळं लिहिलं: कापड, पाइप, बावीस वर्षं. सही केली, शिक्का मारला. मॅनेजर ओरडला तेव्हा शांतपणे म्हणाला, "हम सौदी. हमको किधर एक्झिट देगा?"

माझी दुआ कबूल झाली असती, तर त्या खुर्चीवर मीच असतो आणि नोकरीच्या भीतीने काही न विचारता 'नाही'खाली सही करत राहिलो असतो. बशीरच्या कागदावर फोरमनची सही माझीच होती.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी माझा कागद वाचून योग्य तपासण्या केल्या. फुप्फुसं कडक झाली आहेत, ती पूर्ववत होणार नाहीत. तरी चुकीच्या औषधांनी तरी मरणार नाही. अल्लाहचा शुक्र मानतो. त्याच्या मर्जीपुढे मान तुकवायला मी उशिरा शिकलो, पण यार्डाच्या हरामखोरीला मी त्याची मर्जी म्हणणार नाही.

गेल्या जुम्म्याला दापोलीला जाऊन बशीरच्या बायकोला त्या सहीबद्दल सांगितलं आणि माफी मागितली. ती उठून आत गेली. मग आतून कोरा कागद आणून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "माफी अल्लाहकडे मागा, भाईजान. मला खरं लिहून द्या."

मी लिहिलं, आणि खाली सही केली.