अर्धी अर्धी खोली

नवी फरशी बसवताना कोणी दिसलं, की मला अजून तो मिस्त्री आठवतो. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, खेड्यांत कोणी घर बांधत नव्हतं, म्हणून महागावकडून काम शोधत तो पुसदला आमच्या दारी आला होता.

बाबांच्या खोलीची जमीन उखडली होती. बाबा अंथरुणाला खिळलेले. त्यांना शेजारच्या खोलीत हलवावं, आधी गिलावा आणि रंग उरकावा, मग फरशी घालावी, असं मी ठरवलं होतं.

"मी इथून हलत नाही," बाबा म्हणाले. एकदा उचललं की परत आणणार नाहीत, अशी त्यांना भीती होती.

मिस्त्री डोक्याचा दुपट्टा सोडून खाटेजवळ उकिडवा बसला. "खोली तुमची हाय, बाबा. तुमीच सांगा, कोन्या बाजूनं सुरू करू?"

बाबांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

खाट दाराकडे सरकवून त्यानं खिडकीकडची अर्धी खोली गिलाव्यापासून फरशीपर्यंत पुरी केली. हातोडी उचलण्याआधी दर वेळी म्हणायचा, "आवाज होईन बरं, बाबा." ती बाजू पक्की झाल्यावर खाट तिकडे नेली आणि उरलेली अर्धी घेतली. काम खूप लांबलं.

शेवटी त्यानं बाबांना धरून बसवलं आणि त्यांचे पाय अलगद फरशीवर टेकवले. "थंड लागून राह्यली का?"

बाबा कितीतरी महिन्यांनी हसले.

पुढच्या उन्हाळ्यात ते त्याच खोलीत वारले. तोवर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "हे खोली मिस्त्रीनं अन् म्या मिळून केली."